क्लब बुडाला, मैदान तरले

संस्था पराक्रमाने मोठ्या होतात आणि कारभाराने लहान होतात, हा सार्वजनिक जीवनातील नित्याचा अनुभव आहे. अशी एखादी संस्था बुडाली म्हणजे तिचे चाहते चार दिवस हळहळतात, धनको न्यायालयाचे उंबरठे झिजवितात, आणि पुढे सारेच तिला विसरून जातात. परंतु त्या संस्थेच्या पायाखाली जी जमीन असते तिचे काय होते, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. वास्तविक प्रारंभी विचारावयाचा प्रश्न तोच होय. संस्था नव्या काढता येतात. भरवस्तीतील मोकळी जमीन एकदा गेली की ती परत आणण्याची विद्या अद्याप कोणत्याही नगररचनाकारास साधलेली नाही.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या दक्षिण भागात कॅथकिन पार्क नावाचे एक मैदान आहे. मध्ये हिरवळ, आणि तिच्या तिन्ही बाजूंस प्रेक्षकांना उभे राहण्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांचे उतार. या पायऱ्यांवर गर्दीचा रेटा अडविण्यासाठी रोवलेले लोखंडी कठडे अजून उभे आहेत. पण त्यांच्या मधून आता झाडे वाढली आहेत. येथे एके काळी पंचेचाळीस हजार माणसे एका वेळी उभी राहून ओरडत होती. आज येथे शेजारपाजारची मुले चेंडू खेळतात आणि म्हातारी माणसे फिरावयास येतात. ज्या क्लबाचे हे मैदान होते तो १९६७ साली दिवाळे निघून नाहीसा झाला. मैदान मात्र राहिले. सात समुद्रांपलीकडील या मैदानाची हकीकत आम्ही आज पहिल्या पानावर का सांगत आहोत, ते वाचकांच्या ध्यानी पुढे येईलच.

या हकीकतीचा आरंभ क्वीन्स पार्क या क्लबापासून करावयास हवा. ९ जुलै १८६७ रोजी ग्लासगोत स्थापन झालेला हा स्कॉटलंडमधील सर्वांत जुना फुटबॉल क्लब. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातील पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचा संपूर्ण संघ याच क्लबातून उभा राहिला होता. तो सामना ज्या जागी झाला ती जागा एका क्रिकेट क्लबाची होती, कारण फुटबॉलला स्वतःचे म्हणावे असे घर तोवर नव्हते. ते घर क्वीन्स पार्कने पुढल्याच वर्षी उभारले. ऑक्टोबर १८७३ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानास हॅम्पडन पार्क असे नाव मिळाले. मैदानासमोरच्या घरांच्या रांगेस हॅम्पडन टेरेस म्हणत, म्हणून हे नाव. आणि त्या घरांना ते मिळाले होते जॉन हॅम्पडन या सतराव्या शतकातील इंग्रज लोकप्रतिनिधीवरून. पार्लमेंटची संमती न घेता लादलेला कर आपण देणार नाही असे पहिल्या चार्ल्स राजास ठणकावून सांगणारा तो हा हॅम्पडन. सार्वजनिक हक्कासाठी सत्तेपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव एका खेळाच्या मैदानास लाभावे, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण आहे.

हे पहिले हॅम्पडन केवळ दहा वर्षे टिकले. पण त्या दहा वर्षांत तेथे एका खेळाने बाळसे धरले. इंग्रज खेळाडू तोवर चेंडू एकट्याने पुढे रेटीत नेण्यात पुरुषार्थ मानीत. क्वीन्स पार्कच्या मंडळींनी तो एकमेकांकडे देत देत पुढे नेण्याची रीत जोपासली, आणि आज जगभर ज्यास फुटबॉल म्हणतात त्याचा पाया घातला. या मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला १८७८ साली सात विरुद्ध दोन, तर १८८२ साली पाच विरुद्ध एक गोलांनी हरविले. १८८२ च्या त्या संघात अँड्र्यू वॉटसन नावाचा खेळाडू होता. त्याचा जन्म ब्रिटिश गियानातील डेमेरारा येथला. पिता स्कॉटिश, माता कृष्णवर्णीय. आदल्या वर्षी लंडनमध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तो स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि तो सामना स्कॉटलंडने सहा विरुद्ध एक गोलांनी जिंकला होता. साम्राज्याच्या ऐन मध्यान्ही, साम्राज्यातील एका अग्रगण्य शहरात, एका कृष्णवर्णीय तरुणाने राष्ट्रीय संघात खेळावे ही साधी गोष्ट नव्हे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून आज ओळखला जातो. त्याचे नाव मात्र कित्येक दशके कोणाच्या गावी नव्हते.

खेळाडूचे नाव लोक विसरले तसे मैदानही विसरले. १८८३ मध्ये आगगाडीचा नवा मार्ग त्या जागेवरून जावयाचा ठरला आणि पहिले हॅम्पडन मोडले. पुढे त्याच्या काही भागावर एका बोल्स क्लबाची हिरवळ आली. पहिले हॅम्पडन नेमके कोठे होते याविषयी नंतरच्या पिढ्यांत संदिग्धता राहिली होती. अखेर रेल्वेमार्गाच्या जुन्या नकाशांच्या आधारे जागा निश्चित झाली, आणि २०२१ साली पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. ज्या मैदानावर एका जागतिक खेळाचे बालपण गेले ते दीडशे वर्षांच्या आत भूमिगत पुराण वस्तू होऊन बसावे, यावरून शहराची जमीन किती वेगाने आपली ओळख टाकते हे दिसून येते.

क्वीन्स पार्कने १८८४ मध्ये जवळच दुसरे मैदान बांधले आणि त्यासही हॅम्पडन हेच नाव दिले. आज ज्यास कॅथकिन पार्क म्हणतात ते हेच दुसरे हॅम्पडन होय. आपल्या कथेतील दुसरा क्लब येथे प्रवेश करतो. १८७२ च्या त्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, डिसेंबर महिन्यात, लॅनार्कशायर परगण्याच्या तिसऱ्या रायफल स्वयंसेवक दलातील शिपायांनी आपला फुटबॉल क्लब काढला. दलाच्या नावावरूनच त्याचे थर्ड लॅनार्क असे नाव पडले. १८८९ साली या क्लबाने सेल्टिकला नमवून स्कॉटिश चषक जिंकला. अंतिम सामना पहिल्यांदा हिमवर्षावात झाला, त्यावर हरकती निघाल्या आणि तो पुन्हा खेळवावा लागला. दोन्ही वेळा विजय थर्ड लॅनार्कचाच झाला. हे दोन्ही सामने दुसऱ्या हॅम्पडनवर झाले. म्हणजे जे मैदान पुढे आपले घर होणार होते तेथेच या क्लबाने आपला पहिला मोठा मान मिळविला. पुढील वर्षी, १८९० साली, स्कॉटिश लीगची स्थापना झाली तेव्हा संस्थापक क्लबांत थर्ड लॅनार्क होता. क्वीन्स पार्कने मात्र आपल्या हौशी बाण्याला जपून तीत भाग घेण्याचे नाकारले आणि १९०० साली तो लीगमध्ये आला.

१९०३ मध्ये क्वीन्स पार्क आपल्या तिसऱ्या आणि भव्य हॅम्पडनवर गेला. दुसरे हॅम्पडन थर्ड लॅनार्कच्या वाट्यास आले आणि क्लबाच्या जुन्या मैदानाच्या नावावरून त्याचे कॅथकिन पार्क असे नामकरण झाले. नव्या घराचा पायगुण चांगला ठरला. १९०३-०४ च्या मोसमात थर्ड लॅनार्कने लीगचे अजिंक्यपद मिळविले आणि १९०५ साली रेंजर्सला हरवून स्कॉटिश चषक दुसऱ्यांदा जिंकला. त्यानंतर तसे वैभव पुन्हा आले नाही. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ कॅथकिन हे दक्षिण ग्लासगोतील कष्टकरी लोकांचे शनिवारचे देवस्थान राहिले. २७ फेब्रुवारी १९५४ रोजी चषकाच्या सामन्यात रेंजर्सचा संघ आला असता ४५,४५५ प्रेक्षकांनी हजेरी लावली. १९६०-६१ च्या मोसमात थर्ड लॅनार्क लीगमध्ये तिसरा आला. शेवटच्या सामन्यात हिबर्नियनवर सहा गोल चढवून त्याने ३४ सामन्यांत गोलांचे बरोबर शतक पुरे केले.

आणि अवघ्या सहा वर्षांत सारा खेळ आटोपला! १९६४-६५ च्या मोसमात ३४ सामन्यांतून केवळ ७ गुण मिळवून क्लब खालच्या श्रेणीत घसरला. २५ एप्रिल १९६७ रोजी कॅथकिनवर क्वीन ऑफ द साउथ या संघाशी शेवटचा सामना झाला आणि तो तीन-तीन असा बरोबरीत सुटला. तो पाहावयास सव्वातीनशेच्या आसपास लोक आले होते. पंचेचाळीस हजारांच्या जागी सव्वातीनशे! तीनच दिवसांनी डम्बार्टन येथे पाच विरुद्ध एक असा पराभव पदरी घेऊन पंचाण्णव वर्षांचा हा क्लब मैदानातून कायमचा बाहेर पडला. त्याच उन्हाळ्यात कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली.

हा मृत्यू नैसर्गिक होता काय? चित्रवाणी आली, लोकांची करमणूक बदलली, जुनी वस्ती पांगली, ही कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती कारणे ग्लासगोतील इतर क्लबांनाही लागू होती आणि ते जगले. थर्ड लॅनार्कच्या बाबतीत सरकारच्या व्यापार मंडळास चौकशी करावी लागली. कारभार कंपनी कायद्यास धरून चाललेला नव्हता असे तीत निष्पन्न झाले, आणि माजी संचालकांना न्यायालयात दंड झाला. क्लबाची जागा तेवढी घरबांधणीसाठी विकली गेली होती. खेळापेक्षा खेळाच्या जागेस अधिक भाव आला म्हणजे काय घडते, हे सांगावयास आणखी कोणत्या पुराव्याची गरज आहे? मालकाच्या दृष्टीने जिवंत क्लब ही जमिनीवरील अडचण होऊन बसते. अशा वेळी क्लबास मारावे लागत नाही. त्याची काळजी घेणे सोडून दिले की पुरते. छप्पर गळू द्यावे, चांगले खेळाडू विकावेत, प्रेक्षक आपोआप घटतात. आणि मग 'आता येथे कोण येते?' असा साळसूद प्रश्न विचारता येतो.

येथवरची कथा कोणत्याही शहराची होऊ शकते. ग्लासगोची कथा वेगळी ठरते ती यापुढे. जागा विकली गेली, परंतु तिच्यावर घरे बांधण्यास ग्लासगो महापालिकेने परवानगी दिली नाही. काही वर्षे मैदान ओसाड पडून राहिले. पुढे महापालिकेने ते आपल्या ताब्यात घेतले आणि सार्वजनिक उद्यान म्हणून लोकांना खुले केले. खेळाची हिरवळ राखली गेली. पायऱ्याही पाडल्या गेल्या नाहीत. थर्ड लॅनार्कचे नाव घेऊन पुन्हा उभा राहिलेला एक हौशी संघ तेथे खेळला. ना तिकीट, ना फाटकावरचा पहारेकरी. एका कंपनीचे दिवाळे निघाले आणि त्यातून शहरास एक मैदान लाभले, असा उलटा हिशेब जगात क्वचितच पाहावयास मिळेल.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो हलका नाही. त्या काळी ग्लासगोत घरांची भीषण टंचाई होती. गॉर्बल्ससारख्या कोंदट वस्त्या पाडून हजारो कुटुंबांना नव्या घरांत हलविण्याचे काम चालले होते. ज्या शहरात माणसांना राहावयास जागा नाही तेथे एका मेलेल्या क्लबाचे गवत जपणे ही चैन नव्हे काय? हा प्रश्न आमच्याही शहरात रोज विचारला जातो, आणि विचारणारे सारेच काही बिल्डरांचे हस्तक नसतात. घर नसलेल्या माणसाचा तो खरा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, दोन खोल्यांत सहा माणसे राहतात म्हणूनच त्यांना मैदान हवे. ज्याच्या घरापुढे अंगण आहे त्याला सार्वजनिक मैदानाची फारशी क्षिती नसते. ज्याचे घर म्हणजे एक पलंग आणि एक मोरी, त्याच्या मुलाचे अंगण तेच मैदान असते. कॅथकिनच्या शेजारची गोवनहिल ही ग्लासगोतील दाट लोकवस्तीपैकी एक. घरे अन्यत्र बांधता आली असती आणि बांधली गेलीही; पण गोवनहिलच्या मुलांसाठी दुसरे कॅथकिन कोणी कोठून आणणार होते? शिवाय गरिबांच्या घरांचे नाव पुढे करून घेतलेल्या मैदानावर शेवटी कोणाची घरे उभी राहतात, हा अनुभव येथील नागरिकांना नव्याने सांगावयास नको.

ग्लासगोशी आमचा संबंध काय, असे विचारणाऱ्यास इतिहासच उत्तर देईल. या देशात फुटबॉल रुजविला तो मुख्यतः गोऱ्या पलटणींनी, आणि त्यांत स्कॉटिश पलटणी आघाडीवर होत्या. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ स्कॉटिश होते: रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. ज्या सैनिकी परंपरेतून थर्ड लॅनार्क जन्मला तिनेच हा खेळ आमच्या मैदानांवर आणून सोडला. खेळ आम्ही घेतला आणि आपलासा केला. मैदान कसे राखावे हा धडाही तेथूनच घेता आला तर तो आम्हांस कमीपणाचा नाही.

तसे पाहता आमची परंपराही काही रिकामी नाही. मुंबई महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केलेले मैदान, जे आज शिवाजी पार्क म्हणून सर्वांस ठाऊक आहे, ते त्या काळच्या नगरपित्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देत उभे आहे. कायदाही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा थर्ड लॅनार्क बुडाला त्याच सुमाराचा. त्यान्वये होणाऱ्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी जागा राखून ठेवता येतात. परंतु त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये आराखड्यात फेरफारही करता येतो. त्यासाठी नोटीस काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ही नोटीस वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते, आणि नागरिक ती न वाचता पान उलटतात. मैदाने रातोरात चोरीस जातात असे म्हणणे बरोबर नव्हे. ती दिवसाढवळ्या, रीतसर नोटीस देऊन जातात. आपण हरकत घेत नाही एवढेच.

आमची मागणी थोडी आहे, पण ती आम्ही निक्षून करतो. ज्या क्लबांकडे, जिमखान्यांकडे वा मंडळांकडे सार्वजनिक जमीन भाडेपट्ट्याने आहे त्यांचे हिशेब आणि पट्ट्याच्या अटी नागरिकांना सहज पाहावयास मिळाल्या पाहिजेत. संस्था बंद पडली किंवा तिने खेळ सोडून मंगल कार्यालयाचा धंदा मांडला, तर जमीन महापालिकेकडे परत आली पाहिजे आणि मैदान म्हणूनच खुली राहिली पाहिजे. जेथे जमीन खाजगी मालकीची असून वापर पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक आहे, तेथे मैदानाचे आरक्षण उठविण्याची परवानगी देण्यापूर्वी त्या वस्तीत दुसरे मैदान कोठे आहे याचे उत्तर सभागृहात जाहीरपणे दिले गेले पाहिजे. आणि ज्या नगरसेवकांच्या मतांनी आरक्षण उठेल त्यांची नावे त्या वस्तीत फलकावर लागली पाहिजेत. महापालिकेच्या हाती फार मोठी सत्ता नसते असे तिचे कारभारी नेहमी सांगतात. असेलही. पण 'नाही' म्हणण्याची सत्ता तिच्या हाती निश्चित आहे, आणि एक 'नाही' किती काळ टिकते ते कॅथकिनवर पाहावयास मिळते.

क्वीन्स पार्कने २०१९ साली आपला हौशी बाणा सोडला आणि २०२० मध्ये तिसरे हॅम्पडन स्कॉटिश फुटबॉल संघटनेस विकले. तीन हॅम्पडनपैकी पहिले जमिनीखाली गेले, तिसऱ्याचे मालक बदलले. दुसऱ्यावरून आधी क्वीन्स पार्क निघून गेला, मागून थर्ड लॅनार्क नामशेष झाला, आणि त्याचे कोणा एकाचे म्हणावे असे मालकच उरले नाहीत. विशेष हे की, तिन्हींपैकी जेथे कोणत्याही मुलाने केव्हाही जाऊन चेंडूस लाथ मारावी असे हेच एक आहे. ज्या दिवशी आमच्या शहरातील एखादा जुना क्लब मोडेल, त्या दिवशी त्याचे चषक कोणत्या कपाटात जातात याची चिंता इतरांनी खुशाल करावी. आम्ही मात्र विचारू की मैदानाचे फाटक उघडे आहे की बंद, आणि बंद असल्यास त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे.